विहिरीच्या गाळातली हाडं आणि सतरा वर्षांपूर्वीची 'हरवल्याची नोंद'

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: "माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, २००८ च्या पावसाळ्यात सासरहून नाहीशी झाली. तेव्हा ती २४ वर्षांची होती, पदरात दोन वर्षांचा मुलगा. 'कुणाबरोबर तरी निघून गेली' असं सासरचे म्हणाले. वडिलांनी ठाण्यात हरवल्याची नोंद केली, पुढे काहीच झालं नाही. वडील आता नाहीत. मागच्या आठवड्यात त्याच शिवारातल्या पडीक विहिरीचा गाळ यारीने काढताना कवटी, मोठी हाडं आणि चांदीची जोडवी निघाली. गड्यांनी हाडं धुऊन पोत्यात भरली, कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं, मग पोलीस आले. रक्त द्यायला या, असा आईला निरोप आहे. आईचं वय ७२, तिला साखर आहे. जोडव्यांचा फोटो गावभर फिरतोय, आईला अजून दाखवलेला नाही. आक्काचा मुलगा १९ वर्षांचा आहे, तिकडेच वाढला, आमच्याशी बोलत नाही. गावकरी म्हणतात, एवढी जुनी केस उभी राहत नाही, अस्थी घ्या आणि विधी उरका. शाळेत असताना आक्काचा डावा हात मोडला होता, एवढी एक खूण मला आठवते. काय करावं?"

उत्तर:

तुमच्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही, आणि आम्हाला सगळ्यात आधी तिचीच काळजी वाटते. विहिरीतून काढलेला गाळ आत्ता कुठे आहे?

माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. पोत्यात भरली गेली ती सहज डोळ्यांना दिसली तेवढीच. बोटांची पेरं, मनगटाची बारकी हाडं, जबड्यातून गळून पडलेले पुढचे दात, गळ्यातलं हायॉइड नावाचं अर्धवर्तुळाकार छोटं हाड, हे सगळं अजून त्या चिखलात असण्याची शक्यता मोठी आहे. केस, बटणं, हुक, बांगड्यांचे तुकडे, दोरीचा तुकडा, एखादी गोळी किंवा छर्रा हेही त्यातच असेल. आणि विहिरीचा गाळ म्हणजे खत. शेतकरी तो आठवडाभरात रानात पसरतो. एकदा पसरला आणि वर नांगर फिरला की मृत्यूचं कारण सांगू शकणारा पुरावा कायमचा गेला.

म्हणून हे उत्तर वाचून झालं की आधी पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा. गाळाचा ढीग हलवू नये, ताडपत्रीने झाकावा, विहिरीचं उरलेलं काम थांबवावं, आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ व पंच यांच्यासमोर सगळा गाळ चाळून घ्यावा, एवढंच त्यात मागा. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. तोंडी 'हो बघतो' यावर परत येऊ नका. चाळणी कशी करायची हे तज्ज्ञांना ठाऊक असतं, पण तुम्हालाही माहीत असू द्या: एका वेळी एक घमेलं, आधी साधारण ५-६ मिलिमीटर भोकांची जाळी, मग २-३ मिलिमीटरची, वरून पाण्याची हलकी धार. जोराचा पाइप मारला की कुजलेलं कापड आणि केस निघून जातात. विहिरीत पाणी उरलं असेल तर मोटारीच्या तोंडालाही जाळी लावूनच उपसायला हवं.

इथे यारीवाल्याचा जबाब फार मोलाचा आहे. विहिरीत सगळ्यात वर असलेला गाळ आधी निघतो, म्हणून ढिगात तो तळाशी जातो. हाडं कितव्या हाताला निघाली, त्या बकेटी कुठे ओतल्या, जोडवी हाडांबरोबर निघाली की नंतर, हे आज त्याला सांगता येईल. दोन महिन्यांनी त्याला चार विहिरी एकत्र आठवतील. थरांना महत्त्व यासाठी की गुटख्याच्या पुड्यांवर, औषधांच्या पाकिटांवर तारखा छापलेल्या असतात. हाडांच्या खालच्या, न ढवळलेल्या गाळात २०१२ ची पुडी सापडली, तर देह तिथे त्यानंतर आला असं म्हणायला जागा होते, आणि तुमच्या प्रकरणाची दिशाच बदलते. दोरी, तार किंवा बांधलेला दगड निघाला तर गाठ सोडू देऊ नका. दोरी गाठीपासून लांब कापायची आणि गाठ जशीच्या तशी ठेवायची. स्वतःहून विहिरीत पडलेल्या माणसाच्या कमरेला दगड कुणी बांधला, हा प्रश्न नुसत्या हाडांपेक्षा त्या गाठीतून जास्त ठामपणे उभा राहतो.

हाडं धुतली म्हणून घाबरू नका. साध्या पाण्याने हाडाच्या आतला डीएनए जात नाही. फिनेल, ब्लीच, साबण, डेटॉल मात्र आता कुणी लावू नये, आणि हळद-कुंकू वाहिल्याचं डॉक्टरांना सांगावं, म्हणजे लाल-पिवळे डाग कशाचे यात वेळ जाणार नाही. हाडं सावलीत सुकवून कागदी पाकिटात किंवा खोक्यात ठेवायची असतात. प्लॅस्टिकच्या पोत्यात दमटपणा धरून बुरशी येते. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं पोलिसांनी लिहून घ्यायला हवीत. त्यांच्या अंगचा डीएनए हाडांवर आलेला असू शकतो आणि तो वेगळा काढावा लागतो.

आता कागद. हाडं सापडली की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, बोलीत 'एडी'. तिचा क्रमांक घ्या. पंचनामा होऊन त्याचा अहवाल प्रांताकडे जातो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १९४ खाली आहे. हा क्रमांक इतक्या आग्रहाने का मागायचा, तर शीना बोरा प्रकरण आठवा. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात अर्धवट जळालेले अवशेष सापडले, आणि तेव्हा ना गुन्हा दाखल झाला ना एडी, असं पुढे उघड झालं. ते अवशेष कुणाचे हा प्रश्न थेट २०१५ साली उभा राहिला. त्याच खटल्यात २०२४ मध्ये हाडं सापडत नसल्याचं न्यायालयात सांगण्यात आलं आणि काही दिवसांनी ती आपल्याच कार्यालयात असल्याचं तपास यंत्रणेने कळवलं. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल, पण तुमच्यासारख्या कुटुंबाला यातून घेण्यासारखं एकच आहे: हाडं ठाण्यातून रुग्णालयात, तिथून प्रयोगशाळेत, तिथून परत मुद्देमाल खोलीत जातात, आणि प्रत्येक मुक्कामाचा जावक क्रमांक व तारीख तुमच्या वहीत असली पाहिजे.

एडीला वडिलांनी केलेल्या २००८ च्या मिसिंगचा क्रमांक जोडून घेणंही तुमच्याच हाती आहे. दोन नोंदी वेगवेगळ्या ठाण्यांत असतील तर त्या आपोआप एकत्र येतील असं समजू नका. मूळ पावती हरवली असेल तर वर्ष, महिना आणि वडिलांचं नाव घालून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा.

जोडव्यांचं फार जपून करायला हवं. आईला तो फोटो दाखवू नका. आत्ता दाखवला आणि मग आईने ठाण्यात 'होय, ही माझ्या लेकीचीच' म्हटलं, तर उलटतपासात पहिला प्रश्न येईल, तुम्ही आधी मोबाइलवर पाहिली होती ना? मग त्या ओळखीला किंमत राहत नाही. योग्य क्रम असा: जोडवी बघण्याआधी आईचा जबाब नोंदवून घ्या. आक्का कोणती जोडवी घालायची, किती वेढ्यांची, नक्षी कसली, कुठल्या सराफाकडची, लग्नातली की नंतर केलेली. लग्नाच्या फोटोत पाय दिसत असतील तर तो फोटो द्या. त्यानंतर तशाच चार-पाच जोड्यांत मिसळून, पंचांसमक्ष किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमक्ष वस्तूंची ओळखपरेड व्हावी. तुम्ही स्वतः फोटो पाहिला असेल तर तसं प्रामाणिकपणे सांगा आणि ओळख पटवायचं काम आईवर किंवा फोटो न पाहिलेल्या एखाद्या मावशी-आत्यावर सोडा. तशीही बऱ्याच जणींची जोडवी सारखी असतात, त्यामुळे एकट्या जोडव्यांवर ओळख पक्की होत नाही. त्यांचा उपयोग डीएनएच्या जोडीला.

रक्ताचं म्हणाल तर आईने जरूर द्यावं. साखर, रक्तदाब, गोळ्या यांनी डीएनएत काही फरक पडत नाही; उपाशी राहायचीही गरज नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तेवढं सांगायचं. दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात किंवा काही थेंब एफटीए कार्डावर (रक्त सुकवून जपायच्या खास कागदावर). सोबत ओळखीचा फॉर्म भरतात, त्यावर फोटो आणि साक्षीदारांच्या सह्या. नळीवरचं नाव, फॉर्मवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरनअक्षर सारखं आहे का ते तिथेच बघा. नावातल्या फरकाने नमुने परत आले की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पण आईपेक्षाही मोठी किल्ली आक्काच्या मुलाकडे आहे. प्रत्येकाच्या डीएनएत ठरावीक जागांवर दोन-दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. प्रयोगशाळा अशा साधारण वीस जागा तपासते. हाडं आक्काची असतील तर प्रत्येक जागी तिची एक खूण तुमच्या आईशी जुळली पाहिजे आणि एक खूण तिच्या मुलाकडे उतरलेली दिसली पाहिजे. वरून आणि खालून असं दोन्हीकडून पकडलं की शंकेला जागा जवळजवळ उरत नाही, हाडातून काही जागांचीच माहिती निघाली तरीसुद्धा. बहीण-भावंडांचं तसं नसतं. एखाद्या जागी दोन्ही खुणा जुळतात, एखाद्या जागी एकही नाही, त्यामुळे तुमचं रक्त आधार म्हणून घेतील, मुख्य म्हणून नाही. हाडं फारच खराब असतील तर मायटोकॉन्ड्रिअल डीएनए काढतात. तो आईकडून सगळ्या मुलांना सारखाच येतो, तिथे तुमचा नमुना आईच्या नमुन्याइतकाच चालतो. फक्त तो 'या आईच्या वंशातली कुणीतरी' एवढंच सांगतो, 'आक्काच' असं सांगत नाही.

मुलगा १९ वर्षांचा म्हणजे सज्ञान. नमुना देण्याची संमती त्याची त्यानेच द्यायची. आजी-आजोबांना किंवा वडिलांना त्याच्या वतीने नाही म्हणता येत नाही. तुम्ही मात्र त्याच्या दारात जाऊन 'तुझ्या बापानेच केलं' असं बोलू नका. तो त्या घरात वाढलाय, 'आई सोडून गेली' हे ऐकत वाढलाय. त्याच्यासाठी खरा प्रश्न खून कुणी केला हा नसून, आई मला टाकून गेली होती का, हा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्या दोन थेंब रक्तात आहे. तपास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा की त्याला स्वतंत्रपणे, घरच्यांच्या गैरहजेरीत बोलावून विचारावं. तुमच्याकडून एक चिठ्ठी द्या, फक्त एवढी: 'तुझ्या आईला आम्ही सतरा वर्षं शोधतोय. हाडं तिची आहेत का हे तू आणि आजी मिळून सांगू शकता.' त्याने नकार दिला तर रागावू नका. आईच्या एकटीच्या नमुन्यावरही तपासणी होते.

अहवाल तीन प्रकारचा येऊ शकतो आणि यातल्या दोहोंत लोक नेहमी गल्लत करतात. 'जुळला' म्हणजे जुळला. 'जुळत नाही' म्हणजे ही हाडं तुमच्या आईच्या मुलीची नाहीत. 'प्रोफाइल मिळाली नाही' म्हणजे हाडातून डीएनएच निघाला नाही. आक्का आहे असंही नाही, नाही असंही नाही. गावात तिसऱ्याची बातमी दुसऱ्यासारखी पसरते आणि पोलीसही कधी त्यावर फाइल मिटवू पाहतात. असा अहवाल आला तर दुसरं हाड पाठवायची मागणी करा. मांडीच्या हाडाचा मधला जाड भाग, न किडलेली दाढ आणि कवटीत आतल्या कानाभोवतीचं अतिशय टणक हाड यांत डीएनए जास्त काळ टिकतो. बरगड्या आणि कवटीची पातळ हाडं त्या मानाने कुचकामी. याचसाठी पहिल्याच पत्रात लिहा की सगळं हाड तपासणीत संपवू नये, काही राखून ठेवावं. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत, म्हणजे मुंबईत कालिन्याची मुख्य आणि तिच्या प्रादेशिक शाखा, काम अडलं तर हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनए तपासणी केंद्राकडे किंवा केंद्रीय प्रयोगशाळेकडे नमुना पाठवण्याची विनंती करता येते.

डीएनएच्या आधी हाडं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात जायला हवीत. तिथे पाहतात ते असं: हाडं माणसाचीच आहेत का, एकाच व्यक्तीची आहेत का (पडीक विहिरीत जनावरांचीही असतात), बाई की पुरुष, वय, उंची, आणि इजा. कमरेच्या हाडांवरून बाई-पुरुष बऱ्याच खात्रीने सांगता येतं. वयासाठी हासळीचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) छातीकडचं टोक बघतात. ते साधारण पंचविशी-तिशीपर्यंत पूर्ण जुळत नाही, म्हणून २४ वर्षांच्या बाईत अर्धवट जुळलेलं दिसण्याची शक्यता असते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो, काही सेंटीमीटरच्या फरकाने. म्हणून आक्काची उंची 'मध्यम' असं न सांगता तिच्याशेजारी कुणीतरी उभं असलेला फोटो द्या. मृत्यू किती वर्षांपूर्वी झाला याचं उत्तर मात्र ढोबळच येईल. 'पाच वर्षांहून जुनं' असं काहीसं वाचून निराश होऊ नका, नुसत्या हाडांवरून २००८ चा जुलै कुणालाच वाचता येत नाही.

आक्काचा हात शाळेत असताना मोडला होता, हे डॉक्टरांना सांगा, एक्स-रेत सांधल्याची खूण दिसू शकते. पण लहान वयात मोडलेलं हाड वाढताना इतकं सरळ होतं की कधीकधी काही उरतच नाही. खूण दिसली तर चांगलं, न दिसली म्हणून ती आक्का नव्हे असं होत नाही. नाहीशी झाली तेव्हा तिला दिवस गेल्याची शंका असेल तर तेही आधीच सांगा. गर्भाची हाडं इतकी नाजूक असतात की मुद्दाम शोधल्याशिवाय गाळात हाती लागत नाहीत. दात दिसतील असे हसरे, समोरून काढलेले फोटो द्या, मोबाइलवर फोटोचा फोटो काढून नको, मूळ प्रत द्या. कवटीवर छायाचित्र बसवून पाहण्याची पद्धत जुनी आहे. १९३५ सालच्या इंग्लंडमधल्या रक्स्टन खून प्रकरणात तिने नाव कमावलं; तिथला आरोपी मुंबईत जन्मलेला डॉक्टर होता. पण ती पूरक आहे. एकट्या तिच्यावर कुणी विसंबत नाही.

इजा वाचणं सगळ्यात अवघड, आणि इथे गाळ काढताना झालेली मोडतोड आडवी येते. ओलं, जिवंत हाड मोडतं तेव्हा कडा तिरप्या आणि गुळगुळीत राहतात, आणि मोडलेल्या जागेचा रंग बाकीच्या हाडासारखाच मातकट झालेला असतो. वाळलेलं हाड यारीच्या बकेटने मोडलं तर कडा खडबडीत, काटकोनात तुटलेल्या, आणि आतून फिकट पांढुरक्या दिसतात. कवटीला भोक आहे असं कुणी सांगितलं तर उडी मारू नका, कडेचा रंग काय, हे अहवालात लिहिलंय का ते बघा. हायॉइड मोडलेलं मिळालं तर गळा दाबल्याचा संशय बळावतो, पण तरुण वयात ते तीन सुट्या भागांतच असतं आणि सुटे भाग म्हणजे मोड नव्हे. सगळी हाडं एक्स-रेखाली घालायला सांगा, एखादा छर्रा हाडात रुतलेला असतो. बुडून मृत्यू झाला का हे पाहण्यासाठी हाडाच्या पोकळीत डायटम (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) शोधतात. इतकी वर्षं त्याच पाण्या-गाळात पडलेल्या हाडांबाबत त्या चाचणीवर फार भार देऊ नये असं आमचं मत आहे. मृत्यूचं कारण 'ठरवता येत नाही' असा शेरा येण्याची तयारी आत्ताच ठेवा.

तो शेरा आला तरी केस संपत नाही. गावकऱ्यांचं म्हणणं कायद्याने चुकीचं आहे. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही. खुनाचा गुन्हा सतरा काय, चाळीस वर्षांनीही दाखल होतो. घटना २००८ ची असल्याने कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतील, खुनासाठी ३०२ आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल २०१, आणि आता सुरू होणारा तपास नव्या बीएनएसएसप्रमाणे चालेल. छळाच्या ४९८-अ ला मात्र तीन वर्षांची मुदत आहे. ते एकटं टिकणार नाही, खुनाच्या आरोपासोबत एकत्र चाललं तर मुदत मोठ्या गुन्ह्याची धरतात. शव न मिळताही खुनाची शिक्षा होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश (१९८१) मध्ये म्हटलं आहे, आणि इथे तर निदान हाडं आहेत. अभिनेत्री लैला खान आणि तिच्या कुटुंबीयांचे सांगाडे इगतपुरीच्या फार्महाउसमधून २०१२ मध्ये, खुनानंतर वर्षाहून जास्त काळाने खणून काढले होते, आणि २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपीला दोषी धरलं.

पण त्या प्रकरणात आणि तुमच्यात एक मोठा फरक आहे. तिथे जागा आरोपीने दाखवली होती, म्हणजे त्याचं ज्ञानच त्याच्याविरुद्ध पुरावा झालं. तुमच्याकडे हाडं योगायोगाने निघाली. ती 'कोण' हे सांगतील, 'कुणी' हे नाही. ते परिस्थितीजन्य पुराव्यावर सिद्ध करावं लागेल, आणि त्याची कसोटी शरद बिर्दीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र (१९८४) या, पुण्यातल्याच एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली: साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारा दुसरा कोणताही वाजवी अर्थ उरू नये. त्या खटल्यातला आरोपी सुटला होता, हेही लक्षात ठेवा. घराच्या चार भिंतींत मृत्यू झाला तर नवऱ्यावर खुलाशाची जबाबदारी येते. उघड्या शिवारातल्या विहिरीला तो नियम सरसकट लावता येत नाही.

म्हणून साखळीचे दुवे जुन्या कागदांत शोधा. आक्का नाहीशी झाल्याची खबर नवऱ्याने स्वतः दिली का, किती दिवसांनी? ठाण्यात एक कारण, पंचायतीत दुसरं, तुमच्या वडिलांना तिसरं असं सांगितलं का? दुसरं लग्न कधी केलं? परागंदा झाली म्हणून घटस्फोटाचा दावा लावला होता का, आणि त्यात तारीख काय टाकली? शिधापत्रिकेतून तिचं नाव कुणी, कधी आणि कोणत्या कारणाने कमी करून घेतलं? तिचे दागिने त्यानंतर गहाण पडले का? विहीर तेव्हा कुणाच्या वहिवाटीत होती, वापर कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद झाला, त्यात दगड-माती कुणी टाकली? सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे मिळतील, २००८ सालचा पोलीस पाटील कोण होता ते तहसीलमधून कळेल. यातला एकही कागद एकटा खून सिद्ध करत नाही. पण नवऱ्याने दोन महिन्यांत दुसरं लग्न ठरवलं असेल तर, बायको परत येणार नाही हे त्याला कसं ठाऊक होतं, हा प्रश्न न्यायाधीशांसमोर उभा राहतो. आक्काची त्या काळातली पत्रं, तिच्याशी शेवटचं बोललेल्या मैत्रिणी, शेजारच्या रानातले म्हातारे, यांचे जबाब लवकर व्हायला हवेत. साक्षीदारांचं वय थांबत नाही.

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. ही हाडं आक्काची नसतीलही, किंवा आक्काचीच असून तिने स्वतः विहीर जवळ केली असेल. दुसरं निघालं तरी आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा (३०६) आणि देह दडवला असल्यास त्याचा प्रश्न राहतोच. पण आत्ताच खुनी ठरवून जबाब देऊ नका. जबाबात फक्त पाहिलेलं, ऐकलेलं आणि तारखा. वाढवून सांगितलेलं एक वाक्य कोर्टात खरी दहा वाक्यं बुडवतं.

गुन्हा दाखल व्हायला डीएनएची वाट पाहिलीच पाहिजे असं नाही. दोरी-दगड किंवा स्पष्ट इजा निघाली तर अनोळखी स्त्रीच्या खुनाचाही गुन्हा दाखल होतो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने (२०१३) पक्कं केलं आहे. ठाण्याने टाळलं तर अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज, तिथेही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे (बीएनएसएस १७५(३)). नोंद झाल्यावर ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडितांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नसते, तुम्हाला आणि आईला दोघींनाही मोफत वकील मिळू शकतो. आरोपी सापडला नाही तरी अवलंबितांना नुकसानभरपाईचा अर्ज तिथेच करता येतो.

अस्थींची घाई करू नका. विसर्जन झालं की दुसरी तपासणी नाही, आरोपीच्या वकिलाने मागितलेली फेरतपासणी नाही, काहीच नाही. खटला सुरू असेल तर अस्थी मुद्देमाल असतात आणि न्यायालयाच्या परवानगीनेच मिळतात. कवटी, जबडा आणि इजेची हाडं राखून बाकीच्या देण्याची मागणी वकिलामार्फत करता येते. आईच्या मनाला विधी हवा असेल तर देह न मिळालेल्यांसाठी पर्णदहनाची, म्हणजे पानांच्या पुतळ्याला अग्नी देण्याची, रीत आहेच. ती हाडांशिवाय होते आणि तपासाला अडथळा आणत नाही. आमचा आग्रह एवढाच की तोही अहवाल आल्यावर करावा, नाहीतर 'जुळत नाही' आलं तर आईने जिवंत असू शकणाऱ्या लेकीचे दिवस घातल्यासारखं होईल.

ओळख पटली की मृत्यूची नोंद हाडं सापडली त्या गावच्या ग्रामपंचायतीत होईल. वर्ष उलटून गेल्यामुळे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. एडीचा अंतिम अहवाल, हाडांच्या तपासणीचा आणि डीएनएचा अहवाल जोडा. डीएनए निघालाच नाही, तर सात वर्षं कुणालाच खबर नसल्याच्या आधारावर दिवाणी न्यायालयातून मृत घोषित करून घेता येतं. मात्र तिथे मृत्यू झाला एवढंच गृहीत धरतात, तो कधी झाला ते नाही. त्यामुळे दाव्यात '२००८ मध्येच वारली' असं पुराव्याशिवाय लिहू नका, खटल्यात तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जाईल.

— सल्ला सदर